लिस्बनला निघण्याआधी एक सकाळ जुन्या गोव्यात

म्हापशाच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे. त्या ६१ वर्षांच्या, यजमान ६६ चे, आणि यजमानांचे गुडघे कुरकुर करतात. भाचा लिस्बनमध्ये नोकरीला आहे. ऑक्टोबरात त्याच्याकडे सात दिवस आणि तिथून रोमला चार दिवस असा बेत ठरलाय. भाच्याने व्हॉट्सॲपवर २६ ठिकाणांची यादी पाठवलीय. त्यातलं काय ठेवावं, तिकिटं इथूनच काढावीत का, गाईड करावा का, असं त्यांनी विचारलंय. आणि शेवटी एक वाक्य टाकलंय: "एवढे पैसे घालून चर्चच बघायची, तर जुनं गोवं काय वाईट?"

बाई, ते शेवटचं वाक्य तुम्ही चेष्टेत लिहिलं असणार. पण मी तेवीस वर्षं जुन्या गोव्यात लोकांना फिरवते, वर्षातून एकदा-दोनदा इथलीच आठ-दहा माणसं घेऊन युरोपात जाते, आणि माझ्या मते तुमच्या बाकी प्रश्नांची उत्तरं त्याच वाक्यात आहेत. जुनं गोवं वाईट नाहीच. निघण्याआधी एक अख्खी सकाळ तिथं काढा. लिस्बनमधलं निम्मं मग कुणी न सांगता कळेल.

कसं, ते एका दारावरून सांगते. से कॅथेड्रलच्या शेजारी असिसीच्या सेंट फ्रान्सिसचं चर्च आहे. त्याच्या मठात आता पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे. आपण त्या चर्चच्या दारातून सरळ आत शिरतो, कारण समोरचा सोनेरी अल्तार, म्हणजे वेदी, ओढून घेतो. या खेपेला दारातच थांबा. सगळी दर्शनी भिंत चुन्याने पांढरी, आणि दार तेवढं काळ्या दगडाचं. हे चर्च १६६१ मध्ये नव्याने उभं राहिलं, पण दार आधीच्या, सोळाव्या शतकातल्या चर्चचं तसंच ठेवलं. कमान साधी अर्धगोल नाही, पाकळ्या-पाकळ्यांची आहे. वर बघाल तर कड्यांनी बनवलेले गोल दिसतील. ग्रहताऱ्यांच्या गती दाखवणारं हे यंत्र, आणि हेच पोर्तुगालचा राजा पहिला मानुएल याचं निशाण. याच राजाच्या काळात वास्को द गामा कालिकतला पोचला आणि १५१० मध्ये त्याचा सेनानी आल्बुकेर्क याने गोवा घेतला. त्याच्या नावावरूनच या शैलीला मानुएलीन म्हणतात. तिथून चढ चढून रोझरीच्या चर्चकडे गेलात की दगडात कोरलेला जहाजाचा दोरखंड भिंतीला वळसे घालताना दिसेल.

आता लिस्बनच्या बेलेम भागात जेरोनिमोसच्या मठासमोर उभ्या राहा. बांधकाम १५०१ च्या सुमाराला सुरू झालं, राजा तोच मानुएल. तेच गोल, तोच पिळाचा दोर, तशाच पाकळ्यांच्या कमानी. भाषा आपल्या दारावरचीच, फक्त इथं ती कुजबुजते आणि तिथं ढोल-ताशे लावून बोलते. माझ्या गटातल्या माणसांना हे दार आधी दाखवलेलं असलं, की तिथं पोचल्यावर मला तोंड उघडावं लागत नाही. तीच एकमेकांना बोट दाखवायला लागतात. ज्यांना नाही दाखवलं, ती दोन फोटो काढतात आणि मुतारी कुठं आहे ते विचारतात.

आता यादीकडे वळू. २६ ठिकाणं आणि ११ दिवस. त्यातला येण्याजाण्याचा वेळ, लिस्बन ते रोम विमानाचा अर्धा दिवस आणि एक दिवस पोट बिघडण्याचा किंवा पावसाचा धरला तर हातात आठ राहतात. माझा हिशेब असा: दिवसाला तिकिटाची एकच मोठी वास्तू, तीही सकाळी. दुपारनंतर जे काही असेल ते बिनतिकिटाचं. म्हणजे आठ-नऊ. बाकीची सतरा भाच्याला परत करा. त्याला वाईट वाटेल, पण गुडघे त्याचे नाहीत.

ऑक्टोबरात लिस्बन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. पहिले तीन दिवस तुम्हाला पहाटे तीन-चारला टक्क जाग येणार, आणि संध्याकाळी सातला डोळे मिटायला लागणार. त्याच्याशी भांडू नका, त्याचा फायदा घ्या. तिथं ऑक्टोबरात उजाडायलाच साडेसात होऊन जातात. आठला बाहेर पडलात तर आल्फामाच्या, म्हणजे लिस्बनच्या जुन्या वस्तीच्या, गल्ल्या तुमच्या एकट्यांच्या असतात. बायका दारापुढे पाणी मारतायत, कुठंतरी पाव भाजल्याचा वास येतोय, पणजीचं जुनं फोंताइन्हास आठवलंच पाहिजे. अकरानंतर त्याच गल्लीत छत्री धरलेल्या गाईडमागून पन्नास माणसं येतात आणि तीच जागा जत्रेची होते. मी कुणालाही आल्फामात अकरानंतर नेत नाही.

बेलेमला एक अख्खा दिवस द्या, कारण तिथं आपलं फार काही पडलंय. वेळेचं तिकीट आधी काढून सकाळचा पहिला गट धरा. चर्च आणि मठाचा चौक ही दोन वेगळी दारं आहेत, आणि खरं बघण्यासारखं चौकात आहे. चौक म्हणजे आपलं राजांगणच, फक्त दुमजली आणि प्रत्येक खांब वेगळा कोरलेला. तुमच्यासारख्यांनी तिथं एक काम करावं. कुठलाही एक कोपरा निवडून खाली बसा आणि एकाच खांबावर पंधरा मिनिटं घालवा. दोर, शेवाळ, पानं, मध्येच एखादा चेहरा. फोटो काढणाऱ्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही, मला स्वतःलाही तिसऱ्या फेरीला दिसलं.

आणि आत शिरण्याआधी देवळाला घालतो तशी बाहेरून एक प्रदक्षिणा घाला. ही सवय आपल्या लोकांना जन्मजात असते, परदेशात गेल्यावर मात्र कोण जाणे का, विसरतात. जेरोनिमोसला सगळे रस्त्याकडच्या दक्षिणेच्या भल्यामोठ्या दाराचे फोटो काढतात, तेच मुख्य दार समजून. मुख्य दार पश्चिमेचं आहे, आकाराने लहान, आणि त्याच्या दोन बाजूंना खुद्द मानुएल राजा आणि त्याची राणी गुडघे टेकून बसलेत. वास्तू बांधणाऱ्याने स्वतःला कुठं बसवलं, ते बघायचंय तर इकडं या.

चर्चमध्ये शिरल्या शिरल्या एका बाजूला वास्को द गामाची कबर आणि दुसऱ्या बाजूला कवी कामोईंश याची. वास्को २४ डिसेंबर १५२४ ला कोचीत वारला. तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये आधी पुरला, १५३९ मध्ये अस्थी पोर्तुगालला नेल्या, आणि या मठात त्या आल्या १८८० साली. म्हणजे समोरची कबर सोळाव्या शतकातली दिसत असली, तरी घडवलीय एकोणिसाव्या शतकात, जुन्या शैलीची नक्कल करून. फसू नका. कामोईंश गोव्यात राहून गेलेला माणूस. त्याचा ब्राँझचा पुतळा आपल्या जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये उभा आहे, आणि त्याच्या महाकाव्यातले प्रसंग पणजीत मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या फरशांवर रंगवलेले आहेत. जॉर्ज कोलासो या चित्रकाराचं १९३५ सालचं काम. पणजी मार्केटला जाताना पाच मिनिटं वाट वाकडी केलीत तर फुकट बघायला मिळेल, आणि लिस्बनच्या फरशांच्या म्युझियममध्ये तुम्ही नवख्या राहणार नाही.

वास्कोच्या कबरीपुढे आपल्या माणसाने काय करायचं, हा प्रश्न दर खेपेला येतो. काही जण फोटो काढतात, काही जण तोंड फिरवतात. पोर्तुगीज देवळं पाडत होते म्हणून ज्या घराण्यांचे देव १५६० च्या आसपास रातोरात नदीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, न्यावे लागले, त्यांना तिथं उभं राहणं सोपं नसतं, आणि ते मी कुणाला सोपं करून सांगतही नाही. एकदा फोंड्याकडचे एक आजोबा बरोबर होते, देवस्थानाच्या महाजन घराण्यातले. कबरीपुढे काठी टेकून बराच वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे वळून कोंकणीत एवढंच म्हणाले, "हो तो?" म्हणजे, हाच का तो? मी म्हटलं, "होय." ते पुढच्या खांबाकडे गेले.

तिथून नदीकडे गेलात की बेलेमचा बुरूज, १५१४ ते १५१९ च्या दरम्यानचा. आत जिना अरुंद आहे, एकाच जिन्याने चढायचं नि उतरायचं. यजमानांना तिथं नेऊच नका, बाहेरूनच बघा. पण बाहेरून एक गोष्ट शोधायचीच. पाण्याकडच्या एका मनोऱ्याच्या बुडाशी गेंड्याचं डोकं कोरलंय. झिजून झिजून आता बटाट्यासारखं झालंय, लहान दुर्बीण असेल तर कळतं. हा गेंडा गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याने आल्बुकेर्कला भेट दिला. आल्बुकेर्कने तो गोव्यातून जहाजावर चढवला आणि मे १५१५ मध्ये तो लिस्बनला उतरला. युरोपने रोमनांच्या काळानंतर गेंडा पाहिला नव्हता. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याचं प्रसिद्ध चित्र काढलं तेही प्राणी न बघता, आलेल्या वर्णनावरून. पुढे राजाने तो पोपला पाठवला आणि वाटेत जहाज बुडून बिचारा मेला. मांडवीच्या काठावरून निघालेल्या जनावराचं डोकं तिथं दगडात आहे, आणि त्याच्याखाली उभे राहून लोक आइस्क्रीम खात असतात.

शेजारी नदीकाठीच शोधयात्रांचं ते उंच स्मारक आहे, जहाजाच्या नाळेसारखं. भाच्याच्या यादीत ते 'प्राचीन' म्हणून लिहिलंय. ते १९६० सालचं आहे, गोवा मुक्त व्हायच्या जेमतेम वर्षभर आधीचं. साम्राज्य हातातून निसटत असतानाच माणसं त्याची एवढी मोठी स्मारकं का बांधतात, याचा विचार करत पाच मिनिटं उभ्या राहा आणि पुढे चला. वर चढायला पैसे घालू नका.

त्याच रस्त्यावर १८३७ पासूनचं पेस्ट्रीचं दुकान आहे. रांग बघून घाबरू नका, ती बांधून नेणाऱ्यांची असते. आत बसायला भरपूर जागा आहे.

आता सोमवारची गोष्ट. पहिल्यांदा गट घेऊन गेले तेव्हा मी बेलेमचा दिवस सोमवारी ठेवला. दारावर पाटी, बंद. अकरा माणसं माझ्याकडे बघतायत. चूक सर्वस्वी माझी. शिवाय बेत आखताना बंदचा वार वाचलाही होता, पण पोर्तुगीजमध्ये सोमवारला 'सेगुन्दा' म्हणतात, म्हणजे दुसरा, आणि माझ्या डोक्यात दुसरा वार म्हणजे मंगळवार. त्यांच्याकडे मोजणी रविवारपासून. आमच्या आजोबांनी सेगुन्द ग्राव ही पोर्तुगीज शाळेची परीक्षा पास केलेली, त्यांना विचारलं असतं तर हसले असते. तर पाटीवर 'एन्सेर्रादु' म्हणजे बंद आणि 'सेगुन्दा' म्हणजे सोमवार, एवढे दोन शब्द पाठ करा. बाकीचे निम्मे शब्द तुमच्याकडे आहेतच: इगर्ज, जनेल, चावी, पाव, पगार. पोर्तुगालात सरकारी म्युझियमं आणि स्मारकं बहुतेक सोमवारी बंद असतात, पॅरिसचं लुव्र मंगळवारी. तुमच्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे बंदचा वार लिहा आणि मगच तारखा टाका. उलट करू नका.

तिकिटं इथूनच काढायची, होय. पण त्या वास्तूच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. गूगलवर नाव टाकलं की वर चार-पाच जाहिराती येतात, तशाच दिसणाऱ्या, आणि तिथं दीडपट-दुप्पट पैसे जातात. भाचा शहाणा असेल, तरी हे त्याला सांगाच. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच टाका. ही बारीकसारीक गोष्ट नाही. रोमच्या कोलोसिअमची तिकिटं आता नावानिशी असतात, स्पेनमध्ये आल्हाम्ब्राला पासपोर्ट बघतात. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदलतं, पासपोर्टवर माहेरचं राहतं, आणि नवरा तिकीट काढताना हौसेने स्वतःचं आडनाव लावतो. माझ्या गटातल्या एक वहिनी अशाच एका दारावर चाळीस मिनिटं उभ्या होत्या. शेवटी सोडलं, पण आत शिरल्यावर त्यांना काही बघायचा उत्साह उरला नव्हता. आणि यजमान ६६ चे आहेत, तर ज्येष्ठांची सवलत विचारा. काही ठिकाणी ती सगळ्यांना असते, काही ठिकाणी फक्त युरोपातल्या रहिवाशांना. दारात वाद घालून उपयोग नाही, आधी वाचून ठेवा.

लिस्बनमध्ये आणखी काय ठेवायचं? कार्मोचा मठ. १ नोव्हेंबर १७५५ ला, ऑल सेंट्सच्या सणादिवशी सकाळी, लोक चर्चमध्ये असताना भूकंप झाला. मागून समुद्राची लाट आली आणि मग आग. कार्मोचं छप्पर कोसळलं ते परत घातलंच नाही. दगडी कमानींच्या फासळ्या उभ्या आहेत आणि वर उघडं आभाळ. जुन्या गोव्यात मोंते सांतच्या टेकडीवर सेंट ऑगस्टीनचा मनोरा बघितलाय ना, ४६ मीटर उंचीचा, अर्धा उरलेला? तो भूकंपाने नाही पडला. १८३५ मध्ये मठ सोडावा लागला, १८४२ मध्ये छताची कमान कोसळली, १९३१ मध्ये मनोऱ्याचा निम्मा भाग गेला. एक वास्तू काही मिनिटांत पडली, दुसरी शंभर वर्षं घेऊन. दोन्ही पाठोपाठ बघितल्या तर भग्न वास्तूकडे बघायची नजरच बदलते, निदान माझी बदलली.

सां जॉर्जचा किल्ला यादीतून काढा असं म्हणत नाही, पण काय बघताय ते माहीत असू द्या. ११४७ मध्ये मूरांकडून, म्हणजे तिथल्या मुसलमान राज्यकर्त्यांकडून, घेतलेला किल्ला खरा. आज दिसणारी बरीचशी तटबंदी मात्र १९४० च्या आसपास डागडुजी करून 'किल्ल्यासारखी' केलेली आहे. वरून शहर सुंदर दिसतं. तेच शहर खालच्या चौथऱ्यांवरून फुकट दिसतं, आणि तिथं बसायला बाकही असतात.

अठ्ठावीस नंबरची ट्राम फोटोत फार छान. प्रत्यक्षात दाटीवाटीने उभं राहायचं आणि खिसा सांभाळायचा. माझंच पाकीट तिथं गेलंय, लोकांना 'खिसे सांभाळा' असं सांगत असताना. तेव्हापासून पासपोर्ट खोलीवर, झेरॉक्स पर्समध्ये, आणि पैसे दोन ठिकाणी. जिथं पासपोर्ट दाखवायचाच आहे, त्या दिवशी तेवढा पोटाशी बांधायचा. आपल्याकडे बायका बटवा कमरेला खोचायच्या, त्यात अक्कल होती.

लिस्बनजवळच्या सिंत्राबद्दल माझं मत लोकांना पटत नाही, तरी सांगते. पेनाचा रंगीत राजवाडा भाच्याच्या यादीत पहिला असणार. सुंदर आहे, पण गर्दी अफाट, तिकीट वेळेचं, आणि बागेच्या फाटकापासून राजवाड्यापर्यंत चढ. धुकं आलं तर समोरचा घुमटही दिसत नाही. तुमच्या जागी मी तो दिवस एव्होराला देईन. लिस्बनहून साधारण दीड तास, सिंत्रापेक्षा सोपं चालणं, मध्यावर रोमन देवळाचे खांब, आणि एका चर्चच्या शेजारी हाडांनी मढवलेली ती खोली. दारावर लिहिलंय: इथं असलेली आम्ही हाडं, तुमच्या हाडांची वाट बघतो. यजमानांना हे चालेल की नाही ते तुम्हीच ठरवा. सिंत्राला गेलातच, तर एवढं लक्षात ठेवा की गोव्यात १५४८ मध्ये वारलेला व्हिसेरेई, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉय, जुआंव द काश्त्रो याची बाग तिथं होती, आणि सोमनाथ पट्टणचा १२८७ सालचा संस्कृत शिलालेख त्या बागेत जाऊन पोचला. अभ्यासकांनी तो छापला तोही 'सिंत्रा प्रशस्ती' या नावाने. सोमनाथच्या लेखाला सिंत्राचं नाव!

पायांचं बघा. लिस्बनचे फूटपाथ लहान लहान पांढऱ्या दगडांचे असतात, वर्षानुवर्षं पायांनी घासून गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की शेवाळलेल्या विहिरीच्या पायऱ्या परवडल्या. ऑक्टोबरात तिथं पाऊस सुरू होतो. रबरी तळाचे, सहा महिने वापरलेले बूट घाला. नवे बूट विमानतळावर शोभतात, पुढच्या दिवशी फोड येतात. नळाचं पाणी बिनधास्त प्या. हॉटेलात बसल्या बसल्या पाव, लोणी, ऑलिव्ह आणून ठेवतात, ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगा. भाजीचं सूप म्हणून मागवाल, त्यात चोरिसाचा, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजचा, तुकडा तरंगत येईल. आधीच सांगा. विम्याचं व्हिसाच्या वेळी बघितलंच असेल, कारण तीस हजार युरोचा विमा असल्याशिवाय शेंगेन व्हिसा मिळत नाही. पण त्या कागदावरचा मदतीचा फोन नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये टाका. तो कुणीच टाकत नाही.

गाईडचं म्हणाल तर मी स्वतः गाईड असून सांगते, सगळीकडे नको. बेलेमला तुम्हाला नको, वर सांगितलं तेवढं पुरे. रोममध्ये फोरमला, म्हणजे प्राचीन रोमच्या चौकाच्या अवशेषांना, मात्र घ्या, कारण तिथं नुसते पडके खांब आहेत आणि कुणी सांगितलं नाही तर ते पडके खांबच राहतात. तिथला परवाना असलेलाच घ्या. इटलीत बिनपरवान्याने वास्तूत माहिती सांगायला बंदी आहे. मीसुद्धा तिथं आत गेल्यावर गप्प असते, सगळं आदल्या रात्री जेवताना सांगून टाकते.

रोमचे चार दिवस मी असे लावीन. कोलोसिअम आणि फोरम एका दिवशी, सकाळी. तिकिटं साधारण महिनाभर आधी खुली होतात, भाच्याला गजर लावायला सांगा. व्हॅटिकनची म्युझियमं दुसऱ्या दिवशी. ती रविवारी बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा उघडा आणि फुकट, आणि म्हणूनच त्या दिवशी जाऊ नका. सेंट पीटर्सला तिकीट नाही, पण तपासणीची रांग असते. बुधवारी सकाळी चौकात पोपचं दर्शन असलं की आत सोडत नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, साडी किंवा सलवार-कमीज उत्तम, इथं आपण जिंकतो. घुमटावर जायला ५५१ पायऱ्या, लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात, तेव्हा नाही. त्याऐवजी जुन्या गोव्यात सेंट कॅजिटनचं चर्च बघून जा. ते सेंट पीटर्सवरूनच बेतलंय. सतराव्या शतकात कुणीतरी रोमचा आराखडा मांडवीकाठी जांभ्या दगडात उतरवला. आधी ते बघितलं की सेंट पीटर्सच्या आत गेल्यावर 'मोठं आहे' म्हणजे नेमकं किती, ते अंगाला कळतं.

आणि एक जागा भाच्याच्या यादीत नाही, ती घाला. जेझूचं चर्च, जेसुइट या ख्रिस्ती संघाचं मूळ ठाणं, रोमच्या मध्यावर, बिनतिकिटाचं. दुपारी बंद असतं, सकाळी जा. आत उजव्या हाताच्या भागात सेंट फ्रान्सिस झेवियरची वेदी आहे, आणि तिथं काचेच्या सोनेरी पेटीत एक हात ठेवलाय. झेवियर ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला, शव १५५४ मध्ये गोव्यात आलं, आणि १६१४ मध्ये रोमच्या हुकमाने उजवा हात कोपरापासून काढून तिकडं नेला. बॉम जेझूच्या बासिलिकात बाकीचं शरीर, इथं हात. तुम्ही कुठल्याही धर्माच्या असा, शवप्रदर्शनाच्या वेळी जुन्या गोव्याच्या रांगेत उभं राहिलेलं किंवा त्या रांगेमुळे ट्रॅफिकमध्ये अडकलेलं नाही असं गोव्यात कोण आहे? रोममधल्या त्या हातापुढून बाहेरचे टुरिस्ट दोन मिनिटांत पुढे जातात. आमची माणसं हटत नाहीत. एका काकूंनी तर तिथं उभ्या उभ्या मुलीला व्हिडिओ कॉल लावला. रखवालदार ओरडला. बरोबरच ओरडला.

पँथिऑनला आता तिकीट आहे, तरी जा. बाकी रोम पायी, जेवढं होईल तेवढं.

तर जुन्या गोव्याची तालीम अशी. कदंब बसने पणजी, तिथून जुन्या गोव्याची बस, आठ-साडेआठला उतरा. आधी नदीकडे जाऊन व्हिसेरेईची कमान बघा. १५९९ मध्ये वास्कोच्या पणतूने, तो इथं व्हिसेरेई होता म्हणून, पणज्याच्या नावाने उभारलेली. मग कॅजिटन, मग असिसीचं काळं दार, बासिलिका, आणि ऊन चढण्याआधी रोझरी नि ऑगस्टीनचा मनोरा. यजमानांचे गुडघे कुठल्या चढावर बोलायला लागतात तेही याच दिवशी कळेल, आणि तोच हिशेब लिस्बनला लावा. म्युझियमसाठी शेवटचा तास ठेवा. फक्त शुक्रवारी जाऊ नका, ते शुक्रवारी बंद असतं.